चालू होतो, पण लगेच हँग होतो: कोकणातल्या पीसीची झाडाझडती

पीसी चालूच होत नसेल तर एकवेळ परवडलं, काहीतरी मेलंय एवढं तरी नक्की असतं. डोकं खातो तो चालू होणारा पीसी. विंडोज येतं, आयकॉन दिसतात, आपण बागेच्या हिशोबाची फाइल उघडायला जातो आणि सगळं जागच्या जागी. रीसेट मारा, परत तेच, मग कोणीतरी सांगतोच की फॉरमॅट मारून घे. आमच्याकडे दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही दुखण्यावर हेच औषध, आणि बरेचदा दुखणं विंडोजमध्ये नसतंच.

कॅबिनेट उघडायच्या आधी बघायचं ते हँग कसा होतो आणि किती वेळाने होतो.

कसा हे कळायला कीबोर्डवरचं कॅप्सलॉक दाबा. त्याचा दिवा लागतोय-विझतोय म्हणजे विंडोज अजून जिवंत आहे, कशाची तरी वाट बघत अडकलंय, आणि हे 'कशाची तरी' म्हणजे बहुतेक हार्डडिस्क. दिवा ढिम्म हलत नसेल तर पूर्ण हँग, मग रॅम (चालू कामाची मेमरी), बोर्ड (सगळे भाग जोडलेला मदरबोर्ड), पॉवर सप्लाय किंवा एखादा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर. गाणं चालू असताना हँग झाला तर कधीकधी घर्रर्र असा एकच आवाज अडकून राहतो तो पण याच प्रकारातला. साउंडचं हार्डवेअर मेमरीतला एक छोटा तुकडा गोल गोल वाजवत असतं आणि प्रोसेसर त्यात पुढचा आवाज भरत असतो, आता भरणाराच थांबला तर वाजवणारा जुनाच तुकडा वाजवत बसणार.

आता किती वेळाने. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जा आणि अर्धा तास तसाच सोडून द्या. तिथेच हँग झाला तर विंडोज निर्दोष, ते अजून लोडच झालेलं नाही, फॉरमॅटचे पैसे वाचले. तिथे टिकला तर डिस्कची केबल काढून पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) चालवून बघा. तेही छान चालत असेल तर दोषी डिस्क नाहीतर विंडोज.

डिस्क म्हातारी झाली की तिचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटा कप्पा, वाचता येत नाही, ती हार न मानता परत परत वाचत राहते आणि तोवर सगळे खोळंबतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर असे सेक्टर दाखवतं, त्यात पिवळा किंवा लाल रंग दिसला तर बाकी काही करायच्या आधी फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन दुसरीकडे कॉपी करा, दुरुस्ती नंतर. विंडोजचा संशय असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे गरजेपुरत्याच गोष्टींवर चालवा, तिथे ठीक चालला तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलं नको ते बंद करा, दोन अँटीव्हायरस असतील तर एक काढा. आणि हो, विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय, त्यामुळे शटडाउन केला तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो, स्वच्छ सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करायचं.

पण आपल्या पट्ट्यात खरा संशयित वेगळाच आहे, खारा वारा. लाटा फुटताना उडणारे बारीक थेंब वाऱ्यावर घरात येतात, पाणी उडून जातं आणि मीठ धुळीसोबत फॅनने ओढून बोर्डवर बसतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटतं ना, तेच बोर्डवर होतं, फक्त इथे ते पाणी वीज वाहून नेतं. नको तिथून करंट गळतो, गंज चढतो. रॅमच्या पट्टीवरचा सोन्याचा मुलामा गंजत नाही पण तो इतका पातळ की बारीक छिद्रांतून खालचं निकेल-तांबं गंजतं आणि संपर्क कच्चा होतो. म्हणून रॅम काढून पुसून परत बसवली की पीसी सुधारतो, यात जादू नाही. खोडरबर मात्र हलक्या हातानेच, मुलामाच खरवडला जातो, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम.

एक लक्षण फार बोलकं आहे. सकाळी पहिल्यांदा हँग, बंद करून परत चालू केला की दिवसभर ठीक, म्हणजे बहुधा म्हातारे कपॅसिटर, बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे डबे. त्यांच्या आतला द्रव आटत गेला की विजेला होणारा विरोध वाढतो आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो, गरम झाले की तात्पुरते सुधारतात. बोर्डवर टोपी फुगलेला किंवा तपकिरी गळालेला कपॅसिटर डोळ्यांनीच दिसतो. उलट गार असताना ठीक आणि तापल्यावर हँग म्हणजे गरमीचं काम: फॅनमध्ये जळमटं, प्रोसेसर आणि कूलरमधली वाळलेली पेस्ट, नाहीतर इंटेलच्या कूलरच्या चार प्लास्टिक खिळ्यांपैकी एक सुटलेला. अर्थात प्रोसेसर शंभर डिग्रीच्या आसपास स्वतःच हळू होतो, फारच तापला तर बंद पडतो, म्हणून नुसता हँग असेल तर सगळं खापर गरमीवर फोडू नका.

लाइट डिम होते तेव्हाच हँग होत असेल तर दुसऱ्याचा पॉवर सप्लाय लावून बघा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, बायोसमध्ये आकडा दिसतो पण तो अंदाजापुरताच. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट उरलेले असू शकतात. मेला तर नवीन आणा.

पावसाळ्यात पीसी खिडकीपासून लांब ठेवा आणि काम नसलं तरी रोज थोडा वेळ चालू ठेवा, त्याच्याच उबेने आतला ओलावा जातो. प्लास्टिकचं कव्हर घालायचं तर पूर्ण गार झाल्यावर, त्यापेक्षा जुनी सुती साडी बरी. आणि बोर्डवर तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या असतील, पुसूनही आठवड्यात परत तेच होत असेल, तर बोर्ड बदला, त्यावर आणखी पैसे घालू नका.