पायलटची सीट नेमकी कुठे? होमबिल्ट विमानाच्या बॅलन्समागची गोष्ट

होमबिल्टचा, म्हणजे घरी स्वतः बांधायच्या विमानाचा, प्लॅन हातात आला की बरेच जण सीटचा विचार शेवटी करतात, पाय पुरतात का, समोरचं नीट दिसतं का, डोकं कॅनपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणाला, लागत नाही ना, बस एवढंच. पण छोट्या सिंगल सीटर विमानात पायलट बऱ्याचदा इंजिनाइतका, कधीकधी त्याहून जड असतो आणि इंजिनाचं वजन ठरलेलं असतं, पायलटचं नसतं, आज साठ किलोचा बसेल उद्या शंभरचा. त्यामुळे सीट पंखाच्या पुढे की मागे की बरोबर खाली, हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे.

सुरुवातीला तर माणसाचं शरीर हेच कंट्रोल होतं. जर्मनीत ऑटो लिलिएन्थाल १८९० च्या दशकात ग्लायडरला लटकून उडायचे आणि पाय पुढेमागे झोकून सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, सरकवायचे. ऑगस्ट १८९६ मधे ग्लायडर स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल एकदम गेली, शरीर झोकून ते सावरता आलं नाही आणि ते गेले. राइट बंधूंनी हे सगळं नीट अभ्यासलं होतं, त्यांनी वजन झोकायची पद्धत सोडून दिली आणि पृष्ठभाग हलवून विमान वळवायचं ठरवलं. इथे पायलट पहिल्यांदा "लोड" झाला, म्हणजे त्याची जागा एकदा ठरली की ठरली.

पण ती जागा ठरवणं सोपं नव्हतंच. राइट बंधूंच्या १९०३ च्या फ्लायर विमानात पायलट खालच्या पंखावर मध्याच्या थोडा डावीकडे पालथा झोपायचा आणि इंजिन उजवीकडे, इंजिन जास्त जड म्हणून उजवा पंख साधारण १० सेंटीमीटर लांब ठेवला होता. हा झाला डावा-उजवा बॅलन्स. पुढे-मागेचा त्रास मात्र १९०४ मधे हफमन प्रेरीला, म्हणजे त्यांच्या उडायच्या मैदानावर, पण चालूच होता, नाक सारखं वरखाली व्हायचं, म्हणून त्यांनी इंजिन, पाण्याची टाकी आणि पायलट सगळं मागे सरकवून बघितलं तर ते आणखी बिघडलं, मग परत पुढे आणलं आणि वर सुमारे ३२ किलो लोखंड पुढच्या एलिव्हेटरखाली, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या पृष्ठभागाखाली, बांधलं. बॅलास्ट, म्हणजे फक्त तोलासाठीचं वजन, लावायची वेळ त्यांच्यावर पण आली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग १९०८ मधे दोघांना बसवायचं ठरलं. इंजिन उजवीकडे, पायलट डावीकडे आणि पॅसेंजर मधोमध, म्हणजे तो असो वा नसो, बॅलन्स फारसा बदलत नाही. जे वजन बदलणार आहे ते सीजीवर ठेवा आणि जे कायमचं आहे त्याने बाकीचा हिशोब जुळवा, ही पुढच्या सगळ्या छोट्या विमानांची गुरुकिल्ली तिथेच दिसते.

सांतोस-द्युमोंचं देम्वाझेल हे घरी बांधता येईल असं पहिलं नावाजलेलं विमान, १९१० मधे अमेरिकेतल्या एका मासिकात त्याची ड्रॉइंग छापून आली. त्यात पायलट पंखाच्या खाली, चाकांच्या मधे बसतो. सांतोस-द्युमों स्वतः अगदी हलके होते, साधारण ५० किलो, आणि विमान त्यांच्या मापाचं होतं. दुसऱ्याच्या मापाचं विमान आपण बांधतोय, ही होमबिल्टमधली गोष्ट तेव्हापासूनची.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. समजा २५० किलोचं रिकामं विमान आणि ६० किलोचा पायलट, सीट सीजीच्या ६० सेंटीमीटर मागे. त्याच सीटवर १०० किलोचा माणूस बसवला की ४० किलो जास्त, गुणिले ६०, भागिले ३५०, म्हणजे सीजी जवळजवळ ७ सेंटीमीटर मागे गेला. पंखाची कॉर्ड, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी, १२० सेंटीमीटर असेल तर हे जवळपास ६ टक्के झाले आणि अनेक डिझाइनमधे सीजी पुढेमागे चालू शकेल अशी सगळी रेंजच कॉर्डच्या १०-१५ टक्क्यांची असते. सीट सीजीच्या बरोबर वर असती तर काहीच फरक पडला नसता. नाक जड झालं तर विमान उतरताना नाक उचलत नाही, त्रास होतो, पण शेपूट जड झाली तर स्थिरता कमी होत जाते आणि स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत खाली पडण्यातून, बाहेर येणं अवघड, कधी अशक्यच होतं.

याचं सगळ्यात छान उदाहरण म्हणजे बर्नार्ड पीटेनपोल यांचं एअर कँपर, मिनेसोटामधल्या चेरी ग्रोव्हचं, १९२९ मधे फोर्ड मॉडेल ए गाडीच्या इंजिनावर उडालेलं. पुढची सीट पंखाच्या बरोबर खाली सीजीजवळ, म्हणून तिच्यात शिरायला कसरत करावी लागते, आणि पायलट मागे. फोर्डचं ते लोखंडी इंजिन जड, त्यामुळे मागच्या पायलटला नाकाकडून तोल मिळायचा. पुढे लोकांनी हलकं विमानाचं इंजिन लावलं, वर पायलटही जुन्या हिशोबातल्या १७० पाउंडांपेक्षा म्हणजे साधारण ७७ किलोंपेक्षा जड, की शेपूट जड झालीच. यावर बिल्डर लोकांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो, सीट जागेवरच ठेवायची आणि पंखच मागे न्यायचा, वरचे कॅबेन स्ट्रट, म्हणजे पंखाला विमानाच्या अंगावर धरणारे खांब, मागे तिरके केले की पंख ८-१० सेंटीमीटर मागे जातो आणि सीजी त्याच्या तुलनेत पुढे येतो. नाहीतर इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरणारा सांगाडा, लांब करायचा.

पायपर कब हे कारखान्यात बनलेलं छोटं दोन सीटचं विमान, होमबिल्ट नाही पण तिचंही तेच. जे-३ मधे इंधनाची टाकी नाकाकडे, त्यामुळे एकट्याने उडायचं तर मागच्या सीटवरूनच. नंतरच्या पीए-११ मधे टाकी पंखात गेली आणि एकटा पायलट पुढे बसू लागला.

अमेरिकन डिझायनर बर्ट रुटान यांनी १९७५ मधे व्हेरीइझी आणि १९७९ मधे लाँग-इझी उडवलं तेव्हा चित्र पार उलटं झालं. इंजिन मागे, म्हणून त्याला तोलायला पायलटच पुढे हवा, पॅसेंजर आणि इंधन सीजीजवळ. पायलट उतरला की विमान मागे उलटू शकतं, म्हणून पुढचं चाक आत घेऊन ते नाक जमिनीला टेकवून उभं करतात. इथे काळजी हलक्या पायलटची, कमी वजनाचा माणूस असेल तर नाकात शिसं ठेवावं लागतं.

व्हॅन्स या होमबिल्टचे किट विकणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-४ मधे पायलट पुढे, पॅसेंजर मागे, त्यामुळे मागे जड माणूस आणि सामान आलं की मागची लिमिट लगेच जवळ येते. १९९५ मधे उडालेल्या आरव्ही-८ मधे तीच मांडणी ठेवून एक सामानाची जागा फायरवॉल, म्हणजे इंजिनामागची भिंत, आणि पुढच्या कॉकपिटच्या मधे दिली, म्हणजे मागे माणूस बसला की बॅग पुढे टाकता येते.

आणि बॅटरी कुठे लावायची हे बरेच बिल्डर मुद्दाम शेवटपर्यंत ठरवत नाहीत. विमान लेव्हल करून तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवायचे, मग जो उडवणार आहे त्यालाच सीटवर बसवून पुन्हा आकडे घ्यायचे आणि त्यानंतर ती फायरवॉलवर की शेपटीकडे ते ठरवायचं.