पाळीची कळ आणि फडातला खाडा : एका दुखण्याची पार्श्वभूमी

सातारा-सांगलीकडच्या घरांतून मासिक पाळीला ‘अडचण’ म्हटले जाते, आणि त्या दिवसांत ओटीपोटात येणाऱ्या कळांबद्दल मुलीने तक्रार केलीच, तर ‘लग्न झालं, एक बाळंतपण झालं की थांबेल’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अगदीच निराधार नाही, कारण बाळंतपणानंतर अनेकींचे दुखणे खरोखर कमी होते; पण पंधरा वर्षांच्या मुलीला पुढची काही वर्षे सोसायला सांगणे हा उपचार नव्हे.

या दुखण्याची नोंद जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदे, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाचे विकार, सांगितली आहेत. त्यांपैकी ‘उदावर्तिनी’मध्ये वाताची गती उलटी झाल्याने वेदना होतात आणि आर्तव (पाळीचा स्राव) सुटताच स्त्रीला आराम पडतो, असे वर्णन येते. निरीक्षण नेमके होते, कारणाचा उलगडा मात्र विसाव्या शतकात झाला. इंग्लंडमधील व्ही. आर. पिकल्स यांना १९५७ साली मासिक स्रावात स्नायू आकुंचित करणारा एक घटक आढळला आणि पुढे तो प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या द्रव्यांशी निगडित असल्याचे स्पष्ट झाले. गर्भाशयाचे अस्तर सुटताना ही द्रव्ये वाढली की गर्भाशय जोराने आवळतो, त्याच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो आणि कळ उठते. मळमळ आणि जुलाबही बहुधा त्यांच्यामुळेच होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले.

मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन या त्याच गटातल्या वेदनाशामकाची गोळी दुखणे सुरू होताच, काही खाऊन घ्यावी, असे डॉक्टर सांगतात ते याच कारणासाठी. आपल्याकडे बहुधा उलटे होते. कळ असह्य झाल्यावर, नाइलाज म्हणून गोळी घेतली जाते आणि मग ‘गुण येत नाही’ अशी तक्रार होते. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असलेल्या स्त्रीने ती स्वतःच्या मनाने घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित ताप आणि पुरळासह गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते, असा इशारा भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला होता. पोट शेकण्याचा घरगुती उपाय मात्र तपासणीत टिकला आहे : २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सतत दिलेली सौम्य ऊब आयबुप्रोफेनच्या तोडीची ठरली.

पाळीपूर्वीची चिडचिड, छाती जड होणे, रडू येणे, झोप बिघडणे यांचा इतिहास वेगळा आहे. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ मध्ये त्याला ‘पाळीपूर्व ताण’ म्हटले. १९५३ मध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी ‘पाळीपूर्व लक्षणसमूह’ हे नाव रूढ केले. डाल्टन यांचा भर प्रोजेस्टेरॉन या स्त्री-संप्रेरकावर होता, पण नंतरच्या चाचण्यांत त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. यातील तीव्र प्रकाराला अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणात २०१३ साली स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळाले; त्यावर सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणारी नैराश्यविरोधी औषधे उपयोगी पडतात. ‘तिचा स्वभावच तसा’ हे घरातले निदान त्यामुळे तरी मागे पडायला हवे.

दुखण्याचा हिशेब सर्वांत कठोर झाला तो उसाच्या फडात. बीडकडून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात येणारी जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन येतात, आणि कामाचा दिवस चुकला की ‘खाडा’ म्हणून दंड भरावा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे मोठे प्रमाण उघड झाले, तेव्हा राज्याने समिती नेमली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यांमागची कारणे अनेक होती, पण स्वच्छतागृह, विश्रांती आणि साधा उपचार यांपैकी काहीही नसलेल्या कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) पाळीच थांबवणे अनेकींना सोपे वाटले असणार.

सगळ्याच कळा प्रोस्टाग्लँडिनच्या नसतात. वर्षानुवर्षे वाढत जाणारे, पाळी संपल्यावरही राहणारे किंवा शरीरसंबंधात होणारे दुखणे एंडोमेट्रिओसिसचे, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराचे, असू शकते. तिथे सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी टाळून चालत नाही. पाळीपूर्व त्रासाच्या निदानासाठी डॉक्टर किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात. दुधाचे खाडे आणि गॅसच्या तारखा ज्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिल्या जातात, तीच त्यासाठी पुरते.