निगडीपेक्षा बिश्केक बरं

परदेशातल्या शाळेशी मुलांची ओळख करून द्यायची म्हटलं की आपल्याकडे साचा ठरलेला असतो: प्रोजेक्टर, दोन्हीकडून हात हलवणं, एखादं लेझीम आणि ‘तुमच्याकडे बर्फ पडतो का?’ हा प्रश्न. दुसऱ्या व्हिडिओ कॉलपर्यंत विषय संपतात. माझं मत असं, की दुसऱ्या टोकाच्या मुलांवाचून अडेल असं काहीतरी काम हातात द्यावं. पृथ्वीचा घेर मोजणं हे तसं काम आहे आणि साहित्य म्हणाल तर एक मीटरची काठी, गवंड्याकडचा ओळंबा आणि मोजपट्टी.

सुमारे २,२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या दोन शहरांतल्या सूर्याच्या कोनांवरून हेच गणित मांडलं. पुण्याला यासाठी जोडीदार हवा तो दूर उत्तरेकडे आणि शक्यतो त्याच रेखावृत्ताजवळ. किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक अगदी नेमकी बसते. पुणे ७३.९ अंश पूर्व, बिश्केक ७४.६, म्हणजे दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच वेळी माथ्यावरून सरकतो.

समजा, २२ सप्टेंबरला दोन्ही शाळांनी मैदानात काठ्या उभ्या केल्या. पुण्यात बाराचा टोल पडताच सावली मोजून वर्गात पळालात तर फसलात. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे. त्या दिवशी पुण्याची खरी मध्यान्ह होते साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी. म्हणून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची आणि सगळ्यांत आखूड सावली धरायची. पुण्यात ती भरेल सुमारे ३३.५ सेंटिमीटर, बिश्केकला ९३. त्यावरून सूर्यकिरणांचा काठीशी होणारा कोन निघतो अनुक्रमे १८.५ आणि ४२.९ अंश, फरक २४.४. पृथ्वीच्या घेरावर ही दोन शहरं तेवढ्याच अंशांनी दूर आहेत. दोन शहरांमधलं सरळ अंतर सुमारे २,७०० किलोमीटर (रस्त्याचं नव्हे, मध्ये हिमालय आहे!). २४.४ अंशांना २,७००, तर ३६० अंशांना किती? सुमारे ३९,८००. ध्रुवांवरून मोजलेला घेर ४०,००८ किलोमीटर आहे.

हेच पुण्याच्या दक्षिणेकडच्या कात्रज आणि उत्तरेकडच्या निगडीच्या शाळांनी मिळून का करू नये? कारण त्यांच्या सावल्यांत फरक पडतो जेमतेम ४ मिलिमीटर. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे सावलीची कडाच सेंटिमीटरभर धूसर असते. फरक त्या धूसरपणात बुडून जातो. बिश्केक जोडीला असताना पुण्याच्या पोरांनी एक सेंटिमीटर चुकवला, तरी उत्तर आठशे-साडेआठशे किलोमीटरनेच हलतं. जोडीदार जितका लांब, तितकी चूक पोटात घालता येते. आणि आकडा बिघडला की चूक कोणाची, यावरून जी चर्चा होते तिला शिक्षकांनी विषय पुरवावा लागत नाही.

सप्टेंबरात पुण्यात ढगांचा भरवसा नाही, हे खरं. पण दिवस जवळपास कोणताही चालतो, फक्त दोन्हीकडे एकच हवा. सूर्य उत्तर-दक्षिण किती सरकलाय ते वजाबाकीत उडून जातं. डिसेंबरचं निरभ्र आकाश घ्या. मात्र बिश्केकच्या मुलांना तेव्हा सव्वादोन मीटरची सावली मोजावी लागेल, तीही बहुधा बर्फावर.