नागपूरच्या मंडळीत बदल कुठून कुठून आला

सध्या नागपुरात चार ख्रिस्ती माणसं जमली की उज्जीवनाचा, म्हणजे मंडळीत (चर्चच्या लोकांत) विश्वास पुन्हा जागा होण्याचा, विषय निघतोच. कोणी म्हणतं तरुण पोरं जुन्या चर्चमध्ये टिकत नाहीत, गिटार आणि ड्रम असलेल्या फेलोशिपकडे, म्हणजे नव्या प्रार्थना-मंडळ्यांकडे जातात, कोणी म्हणतं पवित्र आत्म्याचं काम आता तिकडेच दिसतं, आणि मोठी माणसं म्हणतात आमच्या वेळची उपासनाच खरी. पण आपली मंडळी इथवर आली कशी हे मुलांना कोणी नीट सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात स्कॉटलंडपासूनच करावी लागते. तिथे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, कोण नेमायचा हे पुष्कळ ठिकाणी जमीनदार ठरवायचा, मंडळीला न आवडलेला माणूसही माथी मारला जायचा. यावर दहा वर्षं भांडण चाललं आणि शेवटी १८४३ च्या मे महिन्यात थॉमस चाल्मर्स यांच्यासोबत साडेचारशेच्या वर पाळक राष्ट्रीय चर्च सोडून बाहेर पडले, राहतं घर, पगार, चर्चची इमारत सगळं मागे टाकून. त्यातून फ्री चर्च उभं राहिलं. राष्ट्रीय चर्चचे हिंदुस्थानातले मिशनरीही फ्री चर्चच्या बाजूने आले. त्याच सुमारास मद्रास फौजेतले कॅप्टन विल्यम हिल यांनी नागपूरला मिशन सुरू व्हावं म्हणून पैसे देऊ केले होते, आणि १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप इथे पोचले. म्हणजे नागपूरचं मिशन निघालं तेच अशा लोकांकडून ज्यांनी नुकतंच सगळं सोडलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं, इंग्रजांची छावणी कामठीला, आणि छावणीत मद्रासची फौज, त्यामुळे कामठीत तमिळ बोलणारे लोकही भरपूर. हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये शाळा काढली, मराठी शिकले, गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली, दगड आणि जीवाश्म गोळा केले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून बोरीकडे परत येताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं, ते तर सगळ्यांना माहीतच आहे.

मंडळी आली, शाळा आली, पण उपासना बराच काळ परक्या चालीवरच राहिली. तो बदल कवी ना. वा. टिळकांमुळे झाला आणि त्यातही नागपूर आहेच. टिळक इथे अप्पासाहेब बुटींकडे काम करत होते, पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली, आणि मराठी ख्रिस्ती माणूस पहिल्यांदा आपल्याच चालीत रडायला आणि गायला लागला असं मी म्हणेन. उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातून आजही त्यांची गीतं आपण रविवारी गातो, पण त्या काळात टाळ-मृदंग चर्चमध्ये आणणं म्हणजे केवढं धाडस होतं हे गाताना कोणाच्या लक्षात येत नाही. आज ड्रमवर नाराज होणाऱ्यांनी हे जरा आठवावं.

उज्जीवनाच्या सभा म्हणतो तीही बाहेरून आलेली नवी गोष्ट नाही. १९०५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास प्रार्थना करत होत्या, मोठ्याने पापकबुली देत होत्या, आणि हे अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या १९०६ च्या गाजलेल्या उज्जीवन सभांच्या आधीचं आहे. आपल्याच महाराष्ट्रातल्या विधवा आणि दुष्काळात अनाथ झालेल्या मुली होत्या त्या.

नागपूरची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र १९७० ची. वेगवेगळ्या मिशनांनी आपापली चर्चं काढली होती, त्यामुळे परदेशातली भांडणं इथल्या माणसांच्या वाट्याला आली होती. एकत्र येण्याची बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षं लागली. अडायचं कुठे तर बिशप हवेत की नको, आणि बाप्तिस्मा लहान बाळाला द्यायचा की विश्वास कबूल केल्यावर मोठ्या माणसाला. बाप्टिस्टांना बाळाचा बाप्तिस्मा मान्य नव्हता, अँग्लिकनांना बिशपाशिवाय चर्च मान्य नव्हतं, आणि प्रत्येकासाठी तो जिवाचा प्रश्न होता. शेवटी दोन्ही प्रकारचे बाप्तिस्मे एकाच चर्चमध्ये चालतील असं ठरलं, आणि बिशपही सगळ्यांनी स्वीकारले.

२९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आपण सीएनआय म्हणतो ते, स्थापन झालं. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स अशी सहा चर्चं आपली जुनी नावं सोडून एक झाली. अमेरिकन परंपरेतलं मोठं मेथॉडिस्ट चर्च मात्र अगदी शेवटच्या महिन्यांत मागे हटलं, त्याची हळहळ जुन्या लोकांना अजून आहे. एरिक नासिर पहिले मॉडरेटर, म्हणजे सीएनआयचे प्रमुख, झाले. ऐक्य, साक्ष, सेवा हे सीएनआयचं ब्रीद, आणि त्यात ऐक्य पहिलं आहे.

त्याच काळात कॅथलिक बाजूलाही मोठा बदल झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते ६५ नंतर, मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आली आणि फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. ज्यांनी जुनी मिस्सा पाहिली होती त्यांना ते किती विचित्र वाटलं असेल.

हे सगळं ओळीने पाहिलं तर मला एकच धागा दिसतो. चाल्मर्सच्या लोकांनी पगार सोडला, टिळकांनी घरच्यांची माया पणाला लावली, सत्तरमध्ये लोकांनी बापजाद्यांच्या चर्चचं नाव सोडलं, आणि दर वेळी काहीतरी सोडल्यावरच मंडळीत जीव आला. आताच्या वादात दोन्ही बाजू काय मिळवायचं तेच बोलतात, नवी मंडळी म्हणते आम्हाला मोठा हॉल हवा, जुनी म्हणते आमची पोरं परत हवीत. काय सोडायला तयार आहात हे दोघांनाही विचारलं पाहिजे, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगमध्येसुद्धा.