गालिच्यावरील च्युइंग गम काढणे

गालिच्याच्या लवीत, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांच्या थरात, रुतलेला च्युइंग गम धागे न तोडता, रंग न उतरवता आणि अस्तराला इजा न पोहोचवता वेगळा करण्याची क्रिया. तिला सर्रास ‘डाग काढणे’ म्हणतात. पण गम हा खऱ्या अर्थाने डाग नव्हेच. चहा किंवा शाई धाग्यात मुरते आणि त्याचा रंग बदलते. गम धाग्याला बाहेरून लपेटून बसतो, आत शिरत नाही. म्हणूनच तो बहुधा पूर्ण निघू शकतो. गालिचा कायमचा बिघडतो तो सहसा गमामुळे नव्हे, तर तो ओरबाडून काढण्याच्या घाईमुळे.

चघळताना गमातील साखर आणि स्वाद लाळेत विरघळून जातात; मागे उरतो तो पाण्यात न विरघळणारा, रबरासारखा गोळा. एके काळी हा गोळा मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांतील चिकूच्या झाडांचा चीक आटवून बनवत. विसाव्या शतकात त्याची जागा मुख्यतः पॉलिआयसोब्युटिलीन, ब्युटाइल रबर, पॉलिव्हिनिल ॲसिटेट यांसारख्या कृत्रिम बहुवारिकांनी (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थांनी, म्हणजे पॉलिमरांनी) घेतली. या पदार्थांचे पाण्याशी वैर आणि तेलाशी सख्य असते. तोंडात सगळीकडे लाळेचा ओला थर असल्याने गम दाताला वा जिभेला धरत नाही. कोरड्या नायलॉनच्या किंवा पॉलिप्रोपिलीनच्या धाग्याला मात्र तो चटकन धरतो. त्यावर पाय पडला की शरीराच्या उबेने मऊ झालेला गम लवीच्या बुंध्यापर्यंत दाबला जातो. पुढे धूळ चिकटून तो काळा पडतो आणि दिसायला डांबराच्या ठिपक्यासारखा होतो. साबण आणि पाणी लावून घासणे हा घरोघरी पहिला सुचणारा उपाय येथे निरुपयोगी का ठरतो, हे यावरून लक्षात यावे.

गम काढण्याच्या उपयुक्त पद्धती त्याच्या दोनच गुणांवर उभ्या आहेत : थंडीत तो कडक होतो आणि तेलकट द्रावकात सैल पडतो. क्रमही हाच ठेवावा. आधी थंडी आणि राहिलेल्या पापुद्र्यापुरता द्रावक.

थंडी देण्यासाठी बर्फाचे खडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गमावर काही मिनिटे दाबून धरतात. पिशवी हवीच, कारण तिच्याअभावी वितळलेले पाणी लवीत उतरते. अस्तर तागाचे असेल तर त्यातला तपकिरी रंग वाळताना वर चढतो आणि गम गेला तरी खरा डाग मागे राहतो. गम टणक झाला की चमच्याच्या पाठीने ठोकून त्याला तडे द्यायचे आणि बोथट सुरीने कडेकडून मध्याकडे तुकडे उचलायचे. येथे घड्याळ आपल्या विरुद्ध चालत असते. बर्फ उचलताच गम पुन्हा मऊ पडू लागतो, म्हणून थोडा भाग, पुन्हा बर्फ, पुन्हा थोडा भाग असेच काम करावे लागते. सुटलेले कण लगेच व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावेत. तसेच राहिले तर ते ऊब लागून दुसरीकडे चिकटतात. व्यावसायिक सफाई करणारे यासाठी गोठवणारा फवारा वापरतात. त्याने गम बर्फापेक्षा खूपच थंड होतो आणि काचेसारखा फुटतो. मात्र अनेक फवाऱ्यांत ब्युटेन, प्रोपेन असे ज्वलनशील वायू असतात, शिवाय उघड्या त्वचेला हिमदाह होऊ शकतो.

गालिच्याची वीणही पाहावी लागते. कापलेल्या लवीच्या गालिच्यात गम फक्त टोकांना लागला असेल तर ती टोके कात्रीने अलगद छाटणे हा काही गुन्हा नाही, कित्येकदा तोच सर्वांत स्वच्छ उपाय असतो. फाशांच्या विणीत, म्हणजे धाग्याची टोके न कापता वळसे तसेच ठेवलेल्या गालिच्यात, मात्र कात्री लावू नये आणि गम ओढूही नये. एक फासा निसटला की ओळच्या ओळ उसवू शकते.

द्रावकांमध्ये लिंबूवर्गीय फळांच्या सालीपासून मिळणारे लिमोनीन, निलगिरी तेल आणि मिनरल टर्पेंटाइन हे नेहमीचे. तत्त्व एकच : तेलकट रेणू बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड ढिली करतात. गम तोंडात असताना चॉकलेट खाल्ले तर तो विरघळू लागतो, तेही बऱ्याच अंशी चॉकलेटमधील स्निग्धांशामुळेच. शेंगदाण्याचे लोणी किंवा खोबरेल चोळण्याचे घरगुती उपाय याच कारणाने खरोखर लागू पडतात. फक्त एका डागाच्या जागी दुसरा येतो, तो तेलाचा. व्हिनेगरची ख्याती मात्र त्याच्या कामगिरीपेक्षा मोठी आहे. त्यात मुख्यतः पाणीच असते आणि पाण्याला गम दाद देत नाही. ॲसिटोन काही घटक विरघळवते, पण ॲसिटेट धागाही विरघळवते आणि भडकन पेट घेते.

द्रावक गालिच्यावर कधीही ओतू नये. अनेक गालिच्यांत लव आणि अस्तर लॅटेक्सने जोडलेले असतात. हे लॅटेक्स गमाचेच रबरी भाऊबंद असल्याने जो द्रावक गम सैल करतो तोच हा जोडही सैल करू शकतो, आणि मग गालिच्याला फुगवटे येतात. पांढऱ्या कापडावर थोडा द्रावक घेऊन, आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग उतरतो का ते पाहून, नंतर टिपत टिपत काम करावे. लोकरी आणि रेशमी गालिच्यांना तीव्र क्षारी साबण चालत नाही. सोडियम हायपोक्लोराइटचे विरंजक (ब्लीच) तर लोकर अक्षरशः विरघळवते.

उष्णतेचा मार्गही सांगितला जातो : केस वाळवण्याच्या यंत्राने गम मऊ करून प्लॅस्टिकच्या पिशवीने टिपून घेणे. जुन्या, पातळ पसरलेल्या थराला तो कधी उपयोगी पडतो. ताज्या जाड गोळ्याला मात्र तो आणखी खोल नेतो. कागद ठेवून इस्त्री फिरवणे त्याहून धोक्याचे. पॉलिप्रोपिलीन १६०–१६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि तापलेली इस्त्री ही मर्यादा सहज ओलांडते. वितळलेल्या लवीला उपाय नसतो.

बहुतेकांची गफलत होते ती शेवटच्या टप्प्यात. गम निघाला म्हणून काम थांबवले जाते आणि आठवडाभराने त्याच जागी करडा ठसा उमटतो. तो गम नसून धाग्यावर राहिलेल्या तेलकट द्रावकाने धरलेली धूळ असते. म्हणून द्रावकानंतर कोमट पाण्यात सौम्य, उदासीन (आम्लही नाही आणि क्षारीही नाही अशा) डिटर्जंटचे काही थेंब घालून जागा टिपावी. मग साध्या पाण्याने डिटर्जंटही काढावा, कारण त्याचा अंशदेखील धूळ ओढतो. कोरड्या कापडाने दाबून ओल शोषून घ्यावी आणि लव वाळण्यापूर्वीच बोटांनी तिच्या मूळ दिशेला फिरवून ठेवावी.