पंखा बंद ठेवणं आणि पंखा बदलणं

एप्रिलचं वीजबिल हातात पडलं की दोन सल्ले एका दमात मिळतात: गरज नसेल तेव्हा पंखा बंद ठेवा, आणि कमी विजेचा पंखा घ्या. दोन्हींनी बिल उतरतं, म्हणून दोन्हींना आपण सरसकट वीजबचत म्हणतो. पण पहिली काटकसर आहे आणि दुसरी कार्यक्षमता. काटकसरीत वारा कमी होतो. कार्यक्षमतेत वारा तेवढाच राहतो, त्यासाठी लागणारी वीज कमी होते. पुण्यात कोथरूडच्या हवेशीर फ्लॅटमध्ये हा फरक कागदावरचा वाटेल. जनता वसाहतीतल्या दहा बाय दहाच्या पत्र्याच्या खोलीत तो घामाने कळतो.

हिशोब करून बघू. साधा छताचा पंखा साधारण 75 वॅटचा. दिवसाचे 16 तास चालला तर महिन्याला 36 युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या) मोटरचा पंखा जवळपास तेवढाच वारा 30 वॅटमध्ये देतो, म्हणजे 14-15 युनिट. वाचले 21-22 युनिट. एवढीच बचत साध्या पंख्यावर करायची तर तो त्या 16 तासांतले साडेनऊ तास बंद ठेवावा लागेल. घरात तान्हं मूल आणि पापड लाटत बसलेली बाई असताना हे कोण करणार? (वेग कमी केला तर वीज वाचते, हेही अर्धंच खरं. जुन्या ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरमध्ये वाचलेल्या विजेतली बरीचशी त्या ठोकळ्यातच उष्णता होऊन जाते. हात लावला तर चटका बसतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचं तसं नाही.)

मग सगळ्यांनी पंखे बदलले का नाहीत? कारण काटकसरीला भांडवल लागत नाही, कार्यक्षमतेला लागतं. बीएलडीसी पंखा अडीच-तीन हजारांचा, साधा त्याच्या निम्म्यात येतो, आणि मोटर जळालेला पंखा वाइंडिंगवाला त्याहून स्वस्तात चालू करून देतो. शिवाय महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिट स्वस्त, पुढच्या टप्प्यात वीजआकार दुपटीच्या घरात जातो. त्यामुळे तोच पंखा बंगलेवाल्याच्या घरी लवकर पैसे फेडतो आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या घरी उशिरा. 2015 साली केंद्र सरकारच्या उजाला योजनेत एलईडी दिवे स्वस्त झाले आणि वस्त्यावस्त्यांत पोचले, कारण दिवा शंभराच्या आत मिळू लागला. पंख्यांवर 2023 पासून स्टार लेबल (वीज किती कमी लागते ते ताऱ्यांत सांगणारं) सक्तीचं झालं. पण लेबलमुळे फरक दिसतो, खिशात पैसे येत नाहीत.

तब्येतीच्या बाबतीत तर दोन्ही वाटा पार फुटतात. काटकसर अंगावर निघते: रात्रीची झोप जाते, म्हातारी माणसं उकाड्याने हैराण होतात. पण नुसता चांगला पंखाही पुरत नाही. हवा 40 अंशांच्या वर गेली की पंख्याच्या भरवशावर राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो गरम हवाच अंगावर फेकतो. तापलेल्या पत्र्याखाली पुण्यातही दुपारी ती वेळ येऊ शकते. तिथे खरी कार्यक्षमता छतात आहे. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिला की खोली काही अंशांनी उतरते. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडे गळती थांबवायला पत्र्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स टाकतात; मागची बाजू पांढरी असेल तर भाऊंना पालथं घालावं, ऊन थोडं तरी परत जाईल.

आंघोळीच्या पाण्याचंही तसंच. सिलिंडर महिनाभर पुरवायचा म्हणून दाराशी चूल पेटते आणि तिच्यात प्लायवूडचे तुकडे, रंग दिलेल्या फळ्या, कधी प्लास्टिकही जातं. गॅस वाचतो आणि धूर बोळातल्या सगळ्यांच्या छातीत जातो. ही बचत हिशोबात धरूच नये. पातेल्यावर झाकण, रुंद बूड आणि बुडाबाहेर न जाणारी आच, एवढ्यानेही गॅस कमी लागतो.

जाणकारांचा एक आक्षेप असतो की पंखा कमी वीज खातोय म्हटल्यावर लोक तो जास्त वेळ चालवतात, मग बचत कुठे राहिली? श्रीमंत घरात आक्षेप बरोबर आहे. वस्तीत जास्त वेळ वारा मिळणं हाच फायदा आहे, तो तोट्याच्या खात्यात का मांडायचा?

आणि जिथे मीटरच आपला नाही, तिथे दोन्ही उपाय लंगडे पडतात. एका मीटरवर पाच खोल्या, प्रत्येकीचा वापर 60 युनिट. वेगवेगळे मीटर असते तर सगळी 300 युनिट स्वस्त टप्प्यात बसली असती. एका मीटरवर 200 युनिट वरच्या दरात जातात. मालक सबमीटर लावून आपल्या दराने पैसे घेतो, ते निराळंच. भाडेकरू पंखा बदलत नाही कारण खोली उद्या सोडायची असते, मालक छत रंगवत नाही कारण उकडतं भाडेकरूला. विद्युत कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जोडणीसाठी मालकच नव्हे, जागेत राहणाराही अर्ज करू शकतो. प्रत्यक्षात कागदपत्रं मागताना गाडी मालकाच्या संमतीपाशी अडते, म्हणून खोली घेतानाच, अनामत देण्याआधी, स्वतंत्र मीटरचं बोलून भाडेकरारात लिहून घ्यावं.