सर्व्हर रीड-ओन्ली झालाय? आधी फोटो काढा, मग फोन करा

बिल सेव्ह होत नाही, 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' (म्हणजे डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही) असा एरर येतोय, आणि मग पहिलं काम सगळे काय करतात तर बटण दाबून मशीन बंद-चालू. प्लीज हे करू नका.

उबुंटू-डेबियन या लिनक्समध्ये रूटला (सिस्टिम ज्यावर असते त्या मुख्य भागाला) बहुतेक वेळा अशी सेटिंग असते की डिस्कवर काही गडबड दिसली की कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतःहून लिहिणं थांबवतो, डेटा अजून खराब होऊ नये म्हणून. आता लिहिणंच बंद म्हटल्यावर त्याच डिस्कवरचा लॉगही (काय घडलं त्याची नोंद) लिहिला जात नाही! नेमकं काय झालं ते फक्त रॅममध्ये असतं, मशीन बंद केली की गेलं. मग आमचा माणूस येतो, तोवर मशीन मस्त चालू, आणि केबल ढिली होती की डिस्क चाललीय हे शोधण्यात अर्धा दिवस जातो, वर तुम्हीच विचारता एवढं बिल कशाचं.

म्हणून टर्मिनलवर 'सुडो डीमेसेज' द्या (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी), शेवटच्या वीसेक ओळींचा फोटो काढून व्हॉट्सॲप करा. त्यात 'आय/ओ एरर' (वाचण्या-लिहिण्यातली चूक) असेल तर डिस्क किंवा केबलवर संशय, तेव्हा हात लावू नका.

एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे आणि कशी जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) तुम्हीच काही बदललं असेल आणि रीबूटनंतर लगेच असं झालं तर गोष्ट वेगळी. रूट 'रीमाउंट, आरडब्ल्यू' करा (म्हणजे लिहिता येईल असं परत जोडा), चुकलेली ओळ नीट करा, झालं. त्याचे पैसे मागायला आम्हालाही बरं वाटत नाही.

बाकी वेळी आम्ही आधी पेनड्राइव्हवरून बूट करून डिस्कची पूर्ण कॉपी काढतो आणि मगच एफएससीके (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवतो. यात तास जातात, मान्य. 'यूट्यूबवर दहा मिनिटांत होतं' असं ऐकवतात लोक, होतं की, पण खराब डिस्कवर किंवा माउंट असलेल्या (चालू वापरातल्या) रूटवर सगळ्याला 'यस' म्हणत एफएससीके मारलं तर फाइली लॉस्ट-अँड-फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या नंबरांनी पडलेल्या मिळू शकतात, मग त्यातून मार्चची बिलं तुम्हीच शोधा.

एएमसीवाल्यांच्या (वार्षिक देखभाल करार असलेल्यांच्या) डिस्कचं स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आम्ही दर महिन्याला बघतो, पेंडिंग सेक्टर (डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग) वाढायला लागले की डिस्क आधीच बदलायला सांगतो. एएमसी नसेल तर निदान यूपीएसची बॅटरी तरी तपासून घ्या, ते चेकिंग आमच्याकडे फ्री आहे.